मायक्रोवेव्हमध्ये नक्की कुठलं भांडं चालतं? (आईने स्टीलची वाटी ठेवली!)

कोकमसार

नमस्कार मंडळी, मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज नाइलाजाने पहिला धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई सांगलीला एकटीच असते, वय ७१. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही म्हणून दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून मायक्रोवेव्ह घेऊन दिला. कन्व्हेक्शनवाला, २८ लिटरचा. भावाने जाताना अर्धा तास शिकवलं आणि आम्ही आपापल्या गावी परत. परवा रात्री साडेआठला फोन, "अगं तुझं ते यंत्र पेटलं."

झालं असं की तिने सकाळची आमटी स्टीलच्या वाटीतच ठेवली आणि ३० सेकंदांचं बटण दाबलं. आत चट्‌चट् आवाज, वाटीच्या काठावर निळ्या ठिणग्या, आणि जळका वास. तिने घाबरून भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं. (दार उघडलं नाही हे नशीब.) आता आत उजव्या बाजूला जो पुठ्ठ्यासारखा चौकोन असतो त्याच्यावर रुपयाएवढा काळा डाग पडलाय. तेव्हापासून यंत्रावर क्रोशाचं कव्हर आणि वर फुलदाणी. पूर्वी टीव्हीवर असायची ना, अगदी तश्शी.

मी जरा ओरडले तर म्हणाली, "तुमच्या त्या पुस्तकात स्टीलच्या भांड्यात केक केलेला फोटो आहे की!" आणि खरंच आहे. मग मीच गप्प.

तर प्रश्न असे की यंत्र गेलं का, पुस्तकात फोटो आहे तर स्टील का चालत नाही, आणि तिच्याकडे जी भांडी आहेत त्यातलं काय वापरावं. घरात ९०% स्टील. बाकी हिंडालियमची पातेली, एक काशाची वाटी, लग्नात आलेला सोनेरी काठाचा चिनीमातीचा सेट, काचेचे जाड पेले, आणि अर्थातच श्रीखंडाचे धुऊन ठेवलेले डबे. असंख्य.

आगाऊ_कार्टं

श्रीखंडाचे डबे नाहीत ते मराठी घर नाही. बाकी प्रतिसाद जाणकार देतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय (मायक्रोवेव्हमध्ये केलेले).

फ्यूज_उडाला

कोकमसार, आईंना सांगा घाबरू नका, यंत्र बहुतेक ठणठणीत आहे. तो पुठ्ठ्यासारखा चौकोन म्हणजे मायका शीट, आपला अभ्रकाचा पत्रा. त्याच्यामागून अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी आत येतात, आणि खरकटं-वाफ तिकडे जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो. ठिणगी पडली की तोच आधी जळतो. काळ्या डागासकट वापरत राहू नका मात्र, जळलेल्या भागावर परत परत ठिणगी पडते. नवीन शीट १००-१५० रुपयांत मिळते, मापाला कात्रीने कापून बसवता येते, आतल्या बाजूनेच. पण बाहेरचं पत्र्याचं कव्हर कोणी उघडू नका, यूट्यूब बघून तर नाहीच नाही. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो, दोन हजार व्होल्टच्या घरात. मी ३४ वर्षं याच लाइनीत काढली तरी तिथे हात घालायच्या आधी दोनदा देवाचं नाव घ्यायचो.

आता फोटोचं. कन्व्हेक्शनवाला म्हणजे एका खोक्यात दोन यंत्रं आहेत असं समजा. कन्व्हेक्शन मोडवर आत हीटर आणि पंखा चालतो, लहरी बंद असतात, म्हणजे तो साधा ओव्हन झाला, तिथे केकचं ॲल्युमिनियमचं भांडं, स्टीलची ताटली सगळं चालतं. मायक्रो मोडवर हीटर बंद आणि लहरी चालू. तिथे धातू नको. आणि काँबिनेशन म्हणून जे बटण असतं त्यात दोन्ही चालू, म्हणजे तिथेही नकोच, पुस्तकात स्पष्ट लिहिलं असेल तेवढंच. तारेचा स्टँड येतो सोबत त्याचंही तेच, साधं गरम करताना तो बाहेर. सगळा घोळ या दोन यंत्रांना एकच दार आहे म्हणून होतो.

अजून एक, प्लग कुठे लावलाय? १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट पाहिजे आणि अर्थिंग. जुन्या घरात बऱ्याचदा तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

दहा_टक्के_चार्ज

थोडा वेगळा अनुभव. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मी कपात स्टीलचा चमचा तसाच ठेवून कॉफी गरम केलीय शेकडो वेळा, काहीही होत नाही. त्यामुळे धातू म्हणजे स्फोट वगैरे जरा अतिशयोक्ती वाटते.

प्रयोगवही

दहाटक्के, तुमचं चूक नाही पण अर्धंच आहे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ओव्हनच्या भिंती धातूच्याच असतात. म्हणजे नुसता धातू आहे म्हणून काही फुटत नाही. लहरी धातूवर आपटून परत फिरतात, आणि त्या धातूत वीज खेळवतात. गोलगरगरीत, जाड वस्तू असेल, आजूबाजूला पाणी असेल तर ती वीज निमूटपणे इकडेतिकडे फिरते. पण टोक आलं, धारदार कड आली, फॉइलची चुरगळलेली घडी आली, किंवा दोन धातूंमध्ये केसाएवढी फट राहिली की तिथे सगळा ताण जमा होतो आणि मधली हवाच ठिणगी सोडते. म्हणून चमचा कॉफीत बुडालेला असताना गप्प बसतो आणि काटा-चमचा ठेवला की दिवाळी. आईंची वाटी बहुतेक काठाची होती, किंवा भिंतीच्या फार जवळ. पातळ सोनेरी रेघ तर सगळ्यात वाईट, ती इतकी पातळ असते की तिच्यातून वीज गेली की ती जळूनच जाते.

दुसरं म्हणजे स्टीलच्या वाटीत आमटी नीट तापतही नाही. लहरी खालून-बाजूने आत शिरूच शकत नाहीत, फक्त वरून जेवढ्या जातील तेवढ्या. काच आणि चिनीमाती यांच्यातून त्या आरपार जातात. तापतं ते आतलं पाणी. पाण्याचा रेणू एका बाजूने थोडा धन, एका बाजूने थोडा ऋण असतो, आणि ओव्हनमधलं विजेचं क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा उलट होऊन परत सुलट होतं (२.४५ गिगाहर्ट्झ म्हणतात ते हेच), तर ते रेणू त्याच्यामागे फिरायची धडपड करतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यातून उष्णता. बरेच लोक म्हणतात पदार्थ "आतून शिजतो", तसं नाहीये. लहरी साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत पोचतात, पुढचं काम नेहमीसारखं उष्णता आत झिरपूनच होतं. म्हणून मोठा बटाटा मध्ये कच्चा राहतो आणि म्हणूनच काढल्यावर दोन मिनिटं तसाच ठेवायला सांगतात.

अवांतर: हा शोध रडारवाल्यांचा. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर मॅग्नेट्रॉनजवळ (याच लहरी तयार करणारी नळी) उभा असताना त्याच्या खिशातला चॉकलेटचा बार वितळला, तिथून सुरुवात. १९४७ ला पहिला ओव्हन विकायला आला तो माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोच्या वर होता. त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घालायला आजीला शिडी लागली असती.

कोकमसार

प्रयोगवही, शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच हसली या विषयावर.

मोरावळा

कोकमसार, मीपण तुमच्या आईच्याच वयाची, दादरला असते, वीस वर्षं वापरतेय. माझं एकच सांगणं, आईला "स्टील कधी चालतं" हे अजिबात शिकवू नकोस. विज्ञान बरोबर असेल मास्तरांचं पण आपल्या वयाला एकच नियम पाहिजे, धातू नाही म्हणजे नाही. चमचासुद्धा नाही.

त्या सोनेरी काठाच्या सेटचा माझा धडा सांगते. जावेने दिलेला, सहा बोल, मी एकात रात्रीचा भात गरम केला. तीन-चार सेकंदांत काठावर बारीक ठिणग्या अशा पळत गेल्या जशी काही फुलबाजी, आणि काढून बघते तर सोनेरी रेघ जागोजागी गायब, तिथे काळसर रेघोट्या. बोल फुटला नाही पण सेट मोडला. जावेला अजून सांगितलेलं नाही.

काचेचे जाड पेलेसुद्धा जपून. साधी काच अचानक गरम-थंड झाली की तडकते. बोरोसिलिकेटची, म्हणजे गरम-थंड सोसणाऱ्या काचेची, भांडी घे सरळ, दोन बोल आणि एक झाकणाचं भांडं, एका माणसाला तेवढं पुरतं. आणि तीसुद्धा गरम गरम काढून ओल्या ओट्यावर ठेवायची नाहीत, लाकडी पाटावर किंवा घडी केलेल्या फडक्यावर. आमच्याकडे ग्रॅनाइटच्या ओल्या ओट्यावर एक बोल असा 'टण्ण' करून दोन तुकडे झालाय.

सातासमुद्रापार

मोरावळा काकू +१. इथे न्यू जर्सीत आल्यावर मला वाटायचं पायरेक्स म्हणजे बोरोसिलिकेटच, पण इथे दुकानात मिळतं ते आता सोडा-लाइम काच टेम्पर करून बनवलेलं असतं. आपटलं तर जास्त टिकतं पण गरम-थंडाला कमी. त्यामुळे इकडून कोणी काकू-मावश्यांसाठी बॅग भरून नेत असेल तर उगाच ओझं करू नका, भारतात मिळतं ते बोरोसिलिकेट या कामाला जास्त चांगलं आहे.

आगाऊ_कार्टं

डबे. श्रीखंडाचे डबे. मुद्द्यावर या.

दहा_टक्के_चार्ज

डब्यांचं मी सांगतो, पँट्रीत रोज हाच अभ्यास चालतो आमचा. डब्याच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. ५ असेल तर पॉलीप्रॉपिलीन, ते उष्णता बऱ्यापैकी सोसतं. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, आणि ६ म्हणजे थर्माकोल वगैरे, ही अजिबात नाही. पण ५ आहे म्हणजे परवाना मिळाला असं नाही, आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. शेजारी लहरींचं चिन्ह किंवा मायक्रोवेव्ह सेफ असं लिहिलेलं पाहिजे. श्रीखंडाचा डबा थंड श्रीखंड ठेवायला बनवलेला असतो, कितीही धुवा, तो गरम करायला नाहीच. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबेपण मी काचेत ओतूनच गरम करतो. आणि ओतायच्या आधी स्टेपलरची पिन बघा, पार्सलच्या पिशवीला, टी-बॅगच्या दोऱ्याला, कुठेही असते.

अजून एक, "सेफ" लिहिलेल्या डब्यातसुद्धा तेलकट नको. माझ्या डब्यात मिसळीचा कट गरम केला एकदा, काढला तर जिथपर्यंत तर्री होती तिथे बरोबर एक केशरी रेघ आणि तिच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. घासून घासून हात दुखले, गेले नाहीत. तेव्हा कळलं नाही का ते.

प्रयोगवही

कारण सोपं आहे. पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, उकळतं आणि वाफ निघून जाते. तेल आणि साखर यांना ती अडचण नाही, ते शंभरच्या खूप पुढे जातात. तर्री वर तरंगते म्हणून तेवढ्याच रेघेवर प्लास्टिक वितळलं. शिरा, गुळाची पोळी, पुरण, लोणच्याचा खार, हे सगळं त्याच जातीतलं, काचेतच.

मोरावळा

अगदी! आणि उकडीचे मोदक!! गणपतीत सकाळचे मोदक संध्याकाळी नातवाला गरम करून दिले, वरची पारी नुसती कोमट, मी बोट लावून बघितलं, आणि त्याने चावा घेतला तर आतलं सारण म्हणजे निखारा. जीभ पोळली पोराची. तेव्हापासून मोदक कुकरलाच, नाहीतर मायक्रोवेव्हमधून काढून फोडून मगच द्यायचा.

भडंग_प्रेमी

मला पाण्याबद्दल सांगायचंय, कारण हे कोणी सांगत नाही आणि माझा हात पोळलाय.

मी सकाळी गुळगुळीत नव्या काचेच्या मगात नुसतं पाणी ठेवलं ३ मिनिटं. बघतो तर बुडबुडा एक नाही, वाटलं तापलंच नाही, म्हणून परत दीड मिनिट. काढलं, एकदम शांत पाणी, आणि कॉफीचा चमचा आत घातला मात्र, फस्सकन सगळं पाणी वर उसळून हातावर. सोड्यात मीठ टाकल्यावर होतं तसं, फक्त उकळतं. पंधरा दिवस पट्टी होती. डॉक्टर म्हणाले तोंडावर गेलं असतं तर.

प्रयोगवही

बाप रे. याला अतितप्त पाणी म्हणता येईल. पातेल्यात गॅसवर बुडाशी खरखरीत जागी बुडबुडे धरतात आणि पाणी उकळतं. गुळगुळीत काचेत बुडबुड्याला धरायला जागाच नाही, मग पाणी शंभरच्या वर जाऊनही गप्प बसून राहतं, आणि चमचा, साखर, कॉफी काहीही पडलं की एकदम फुटतं. उपाय म्हणजे आधीच आत लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची काडी ठेवायची, वेळ कमी लावायचा, तेच पाणी परत परत तापवायचं नाही आणि काढायच्या आधी मिनिटभर आतच राहू द्यायचं. सांगलीच्या आजींना चहाचं आधण गॅसवरच ठेवायला सांगा खरं तर.

साधं_जगा

सगळ्यांचं वाचलं. मुळात हे यंत्र घरात हवंच कशाला? रेडिएशन आहे ते. अन्नातलं सगळं सत्त्व मरतं, कॅन्सर होतो. आपल्या आज्या चुलीवर करून नव्वदी गाठायच्या.

प्रयोगवही

चुलीसमोर बसून धूर छातीत घेणाऱ्या आज्यांच्या खोकल्याचंही कोणीतरी लिहायला हवं. असो. या लहरी रेडिओ आणि वायफायच्या कुळातल्या आहेत, एक्स-रेच्या नाहीत. पेशीतली रसायनं तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, त्या फक्त तापवतात. यंत्र बंद झालं की लहरी संपल्या, अन्नात काही साठून राहत नाही. सत्त्वाचं म्हणाल तर क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून जातं, भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी फेकलं तर जास्तच जातं. कमी पाण्यात, कमी वेळात शिजवलेली भाजी त्यापेक्षा बरी.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत कायदाच आहे, ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅटच्या वर गळती चालत नाही, यंत्र जुनं झालं तरी. आणि लांब गेलं की ती झपाट्याने कमी होते.

दहा_टक्के_चार्ज

पण मोबाइल आत ठेवून कॉल केला तर रिंग वाजते! म्हणजे गळतंय ना?

फ्यूज_उडाला

नाही हो. मोबाइल अगदी क्षीण सिग्नलवरपण वाजतो, त्यावरून गळतीचा निकाल लावता येत नाही. (आणि कोणीतरी चुकून स्टार्ट दाबेल, मोबाइल जाईल तो वेगळाच.) खरी तपासणी डोळ्यांनी. दार वाकडं आहे का, बिजागरी ढिली आहे का, कडेचं सील फाटलंय का, जाळीची काच तडकलीय का, दार नीट न लावता सुरू होतं का. यातलं काहीही असेल तर वापर बंद. दारावर ओला टॉवेल वाळत घालणारे लोक पाहिलेत मी, त्यानेच दारं वाकतात. आणि साधं_जगा, तुमच्या मताचा आदर आहे, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकटी राहणारी बाई आहे हो ती, तिला चूल कुठे सांगता.

कोकमसार

सगळ्यांचे खूप आभार! अजून एक, ओळखायची काही सोपी पद्धत आहे का? घरात एक बिनकाठाचा पांढरा चिनीमातीचा बोल आहे, बुडाला काहीच लिहिलेलं नाही, आणि भावाने आणलेले ते रंगीत न फुटणारे प्लेट-बोल आहेत, मेलामाइनचे.

प्रयोगवही

मेलामाइन नको, ते वाढायला ठीक, तापवायला नाही. चिनीमातीच्या बोलाची परीक्षा करता येते. बोल रिकामा ठेवायचा आणि त्याच्या शेजारी मायक्रोवेव्हमध्ये चालतो हे माहीत असलेला कप, पाण्याने भरून. (पाणी पाहिजेच. रिकामं यंत्र कधी चालवू नये, लहरी शोषायला काही नसलं की त्या मॅग्नेट्रॉनवरच उलटतात.) फुल पॉवरवर एक मिनिट. पाणी कोमट आणि बोल गार, तर पास. बोल गरम आणि पाणी गार, तर बोलच लहरी खातोय, नापास. हात भाजणार नाही असं जाड फडकं घेऊनच काढा. धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यावर हा प्रयोग करायचा नाही, त्यांचा निकाल आधीच लागलेला आहे. मातीचे कुल्हड, बिनझिलईची मडकी यांच्यात पाणी मुरलेलं असतं, ती अशीच तापतात आणि तडकतात.

फ्यूज_उडाला

यात एक पुरवणी. कन्व्हेक्शनवर काही केलं असेल तर लगेच प्लास्टिक आत ठेवू नका, मोड बदलला तरी आतला पत्रा आणि काचेची ताटली तापलेलीच असते. माझ्या मुलीने केक काढून लगेच डबा ठेवला, बूड ताटलीला चिकटून बसलं.

भडंग_प्रेमी

मग दाणे भाजायला कुठलं भांडं? सगळे म्हणतात मायक्रोवेव्हचं खरं सुख दाण्यात आहे.

मोरावळा

आहेच मुळी. पसरट काचेची ताटली, एक वाटी दाणे, एका थरात. फुलवर दोन मिनिटं, काढून हलवायचे, परत एक मिनिट, परत हलवायचे, मग ३०-३० सेकंद. वरून रंग आला नाही म्हणून वेळ वाढवायचा नाही! एक दाणा फोडून बघ, आत फिकट बदामी दिसला की थांब, बाहेर काढल्यावरही ते भाजत राहतात. मी पहिल्यांदा सालाच्या रंगाची वाट बघत बसले, साल झकास आणि आत कोळसा. ताटली चांगलीच तापते बरं का, दाण्यात पाणी थोडं असतं म्हणून ती गार राहत नाही, फडक्यानेच धर.

कढीपत्ताही छान वाळतो पण कागदावर नको. शेजारणीने वर्तमानपत्रावर पसरून पाच मिनिटं लावला आणि बाहेर टीव्ही बघत बसली. धूर. तिने दार उघडलं तर हवा लागून भपकन पेटला. बंद ठेवलं असतं तर आपोआप विझला असता. मुद्दाम सांगते कारण तुझ्या आईने दार न उघडता मेन बंद केलं, ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं पण अगदी बरोबर केलं.

दहा_टक्के_चार्ज

उकडलेलं अंडं पण लिहा कोणीतरी. सोललेलं होतं म्हणून मी बिनधास्त ठेवलं, आत फुटलं नाही, डेस्कवर आणून चावलं तेव्हा फुटलं. मीटिंग होती पुढे.

आगाऊ_कार्टं

मीटिंगला काय अंडाकरी होती का. हलके घ्या.

प्रयोगवही

पिवळा बलक बंद पिशवीसारखा, वाफ कोंडते. मिरची, टोमॅटो, बटाटा, वांगं, झाकण घट्ट लावलेला डबा, सगळ्यांचं तेच. टोचा, चिरा, झाकण सैल ठेवा.

कोकमसार

अपडेट. सोमवारी सांगलीला जाऊन आले.

कंपनीचा माणूस आला होता, डाग बघून म्हणाला मॅग्नेट्रॉन गेलंय, साडेचार हजार. मी म्हटलं एकदा पाण्याचा कप ठेवून बघूया का, तर पाणी व्यवस्थित तापलं. मग म्हणाला "आत्ता तापतंय, पण जाईल". त्याला चहा देऊन परत पाठवला. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने मायका शीट कापून बसवली, १८० रुपये मजुरीसकट, आणि जुनी काढली तर तिच्यामागे वाळलेलं वरण निघालं, म्हणजे वाटीच्या आधीपासूनच तिथे माल साठत होता. फ्यूजकाका, अर्थिंग खरंच नव्हतं!! तेही करून घेतलं.

चिनीमातीचा बोल पास झाला. सोनेरी सेट परत माळ्यावर. आईने स्वतःच एक व्यवस्था लावलीय, मायक्रोवेव्हच्या शेजारचं चहाच्या कपांचं छोटं कपाट रिकामं करून त्यात फक्त चालणारी भांडी ठेवली, आणि स्टीलचं सगळं पलीकडच्या मांडणीवर. म्हणजे आठवायचं काहीच नाही, या कपाटातलं तेच आत जातं. आणि बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावलीय, फक्त मायक्रो, ३० सेकंद आणि स्टॉप एवढी तीनच उघडी. भावाला फोटो पाठवला तर म्हणतो एवढ्या महागाच्या मशीनची ही अवस्था. मी म्हटलं राहू दे, केक तू येशील तेव्हा कर.

दाणे मोरावळा काकूंच्या पद्धतीने केले, पहिला घाणा थोडा करपला, दुसरा मस्त.

मोरावळा

पहिला माझाही करपला होता. फुलदाणी काढली का वरून? वरची आणि मागची हवेची जाळी मोकळी पाहिजे.

कोकमसार

काढली. क्रोशाचं कव्हर आई रात्रीपुरतं घालते, त्याला मी नाही म्हणू शकले नाही. सकाळी काढायचं असं कबूल केलंय.

आगाऊ_कार्टं

आणि श्रीखंडाच्या डब्यांचं काय ठरलं? माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

कोकमसार

दोन डबे भरून दाण्याचं कूट दिलंय मला. परत आणून दे म्हणालीय, डबे.